कुठं आहेस? एका प्रश्नाची गोष्ट

आम्ही मिरजोळ्याच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. मागच्या मासिक बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला, चहा झाला, आणि उठता उठता एका ताईंनी विषय काढला. त्यांची लेक एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला जाते. दुसरी पाळी रात्री सुटते. पावसाळ्याचे दिवस, रस्त्यावर काळोख, चिटपाखरू नाही. म्हणून ताईंनीच तिला सांगितलं होतं, ‘व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन टाकून ठेव, म्हणजे जिवाला घोर नको.’ पोरीनं टाकलं. पहिले चार दिवस आईला बरी झोप लागली. पाचव्या दिवसापासून ते लोकेशन मोठा भाऊही बघायला लागला. ‘कुवारबावला वीस मिनिटं का थांबलीस?’ ‘पाळी सुटल्यावर गेटवर एवढा वेळ कुणाशी बोलत होतीस?’ रोज नवा जाब. एके रात्री पोरगी ताट बाजूला सारून म्हणाली, ‘आई, मी कामाला जाते की जामिनावर सुटलेय?’

ताई हे सांगून गप्प झाल्या. आम्हीही गप्पच. कारण आमच्यातल्या निम्म्या जणींनी आपापल्या मुलींना हेच सांगितलेलं आहे. आम्ही काही वाईट हेतूनं सांगितलं नव्हतं. पण पोरीचं बोलणं काळजाला लागलं. मग आम्ही ठरवलं की ‘कुठं आहेस?’ हा प्रश्न आजवर कोण कुणाला विचारत आलं, आणि उत्तर देण्याची सक्ती कुणावर होती, ते जरा मागं जाऊन बघू. आज तीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

सुरुवात आपल्या रत्नदुर्गापासून करू. भगवतीच्या दर्शनाला आपण सगळ्या जातो. त्या किल्ल्याजवळचं दीपगृह 1867 सालचं. काळोखात घरी परतणाऱ्या होडीला तो दिवा सांगतो, किनारा इकडे आहे, खडक तिकडे आहेत, तू सांभाळून ये. पण होडी कुणाची, त्यात कोण बसलंय, ती कुठून आली, यातलं काहीच तो विचारत नाही. तो फक्त उजेड देतो. आपण कुठं आहोत हे होडीतल्या माणसाला कळतं, दिव्याला नाही. एवढी गोष्ट मनात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता घराकडे येऊ. आपलं कोकण चाकरमान्यांचं. घरटी एक तरी माणूस मुंबईला, गिरणीत नाहीतर गोदीत. बाई इकडे, शेती आणि सासूसासरे सांभाळत. 1879 साली हिंदुस्थानात पोस्टकार्ड सुरू झालं, पाव आण्याचं. पुढच्याच वर्षी, 1880 साली, मनीऑर्डर आली. त्या दिवसांपासून आपल्या आज्यापणज्यांना माणसाचा ठावठिकाणा कळायचा तो या दोन कागदांवरून. ‘सुखरूप पोचलो’ एवढे दोन शब्द आठ-दहा दिवसांनी यायचे. वाचता येत नसे, म्हणून शाळेतला पोर किंवा पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि सगळी वाडी ऐकायची. कार्डाचा कोपरा फाटलेला दिसला की वाचण्याआधीच रडं सुरू व्हायचं. कळणं असं होतं, उशिराचं आणि चारचौघांतलं. तरी एक होतं. किती सांगायचं आणि काय सांगायचं, ते कार्ड लिहिणाऱ्याच्या हातात होतं.

न कळण्याची किंमतही कोकणानं मोजली आहे. 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ बोट सकाळी रेवसकडे निघाली. आषाढातली अमावास्या, सणाला घरी जाणारी माणसं, बोट खचाखच भरलेली. वादळी समुद्रात बोट कलंडली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. त्यामुळे बोट बुडाल्यावरही कित्येक तास मुंबईला पत्ताच नव्हता. पोहत, लाटांबरोबर वाहत जी थोडी माणसं किनाऱ्याला लागली त्यांच्या तोंडून बातमी कळली. आपल्या भाषेत हरवलेल्या माणसाला ‘बेपत्ता’ म्हणतात. त्या दिवशी कोकणातल्या किती घरांत तो शब्द आला असेल! म्हणून ज्या आईला लेकीचं लोकेशन हवंसं वाटतं तिला आम्ही हसणार नाही. ती भीती खरी आहे, आणि जुनी आहे.

पण ठावठिकाण्याची दुसरीही एक गोष्ट आहे, आणि तीसुद्धा आपल्याच रत्नागिरीत घडली. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला आणि तिथल्या थिबा राजाला राज्याबाहेर काढलं. 1886 साली त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं. सोबत राणी सुपायालत आणि मुली. आज आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो तो थिबा पॅलेस 1910 साली तयार झाला. मोठा वाडा, गच्चीवरून समोर खाडी, पण सरकारच्या परवानगीशिवाय बाहेरगावी जायची सोय नाही. देखरेखीला इंग्रज सरकारचा अधिकारी नेमलेला. राजा 1916 साली इथंच वारला. राजकन्या लहानाच्या मोठ्या झाल्या त्या याच पहाऱ्यात. ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ असं म्हणून बाईला घरात ठेवण्याची रीत काही फक्त गरिबाघरची नाही, हे त्या वाड्याकडे बघून कळतं.

पुढं 1924 साली विनायक दामोदर सावरकरांना अटी घालून रत्नागिरी जिल्ह्यात ठेवलं. जिल्ह्याबाहेर परवानगीशिवाय जायचं नाही, राजकारणात भाग घ्यायचा नाही. ते बंधन 1937 पर्यंत चाललं. याला मराठीत शब्द आहे, ‘स्थानबद्ध’. आता आपल्या मराठी केलेल्या फोनमध्ये जाऊन बघा. काही फोनांत ‘लोकेशन’ असं लिहिलेलं असतं आणि काहींत ‘स्थान’. शब्द तोच. त्याला ‘बद्ध’ जोडायचं की नाही, हे मात्र आपण ठरवायचं आहे.

राजे आणि पुढारी यांची नावं इतिहासात राहतात. पण ठावठिकाण्याचा जाच सगळ्यात जास्त सोसला तो गरिबांनी. 1871 साली इंग्रजांनी एक कायदा केला. त्यात काही जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. 1911 च्या कायद्यानं तो देशभर लागू करता येऊ लागला. आपल्या महाराष्ट्रातल्या कितीतरी भटक्या जमाती त्यात आल्या. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, पोलिसाकडे ठरल्या वेळी हजेरी लावायची, मुक्काम हलवायचा तर आधी कळवायचं. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची वसाहत होती. ‘सेटलमेंट’ हा शब्द तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्या कुंपणात बायाही होत्या, लेकरंही होती. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून आजही 31 ऑगस्टला ते लोक विमुक्त दिन पाळतात.

तर मैत्रिणींनो, ‘कुठं आहेस?’ या एकाच प्रश्नाला अशी दोन घराणी आहेत. एक खुशालीचं आणि एक हजेरीचं. खुशाली आपण होऊन कळवायची असते. आपल्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्या माणसाला, हवी तेवढीच. हजेरी दुसरा घेतो. वेळ त्याची, वही त्याची, आणि चुकलं तर शिक्षाही त्याच्याच हातात. पोस्टकार्ड ही खुशाली होती. सेटलमेंटमधली गणती ही हजेरी होती. आणि आज आपल्या हातातला फोन ही दोन्ही कामं करतो. सगळा घोटाळा तिथं आहे.

फोनपर्यंत यायच्या आधी एक छोटा थांबा. 15 ऑगस्ट 1972 रोजी टपाल खात्यानं सहा आकडी पिनकोड सुरू केला. तो बसवणारे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, संस्कृतचे कवीही होते. एकाच नावाची दहा गावं, निरनिराळ्या लिपींतले पत्ते, यामुळे पत्रं भलतीकडे जायची. त्यावर हा उपाय. रत्नागिरीचा 415612 घ्या. पहिला 4 म्हणजे देशाचा पश्चिमेकडचा विभाग, पहिले तीन आकडे मिळून पत्र कुठं वेगळं करायचं तो भाग, शेवटचे तीन म्हणजे ते टपाल कार्यालय. म्हणजे आकड्यांनी जागा सांगायची सवय आपल्याला तेव्हापासूनची. पण पिनकोड सांगतो तो गाव. माणूस या क्षणी घरात आहे की शेतावर, हे तो सांगत नाही.

ते सांगण्याची सोय आली आकाशातून. अमेरिकेच्या सैन्यानं जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 साली सोडला. 1995 पर्यंत चोवीस उपग्रहांची पूर्ण व्यवस्था तयार झाली. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर वर फिरतात. सामान्य माणसांना मिळणारी खूण मुद्दाम अंधूक ठेवलेली होती, शंभरेक मीटरचा फरक पडायचा. मे 2000 मध्ये अमेरिकेनं तो अडसर काढला. तेव्हापासून गाडीतल्या आणि मग फोनमधल्या नकाशांना खरा अर्थ आला. आपल्या देशानंही 2013 पासून स्वतःचे उपग्रह सोडले, त्या व्यवस्थेला नाविक म्हणतात. समुद्रातल्या मच्छीमारांनाही तिचा उपयोग आहे.

आता ते दीपगृह आठवा. पुष्कळ बायकांना वाटतं की वरून उपग्रह आपल्याला बघतोय. तसं नाही. उपग्रह त्या दिव्यासारखाच आहे. तो फक्त खूण पाठवतो. आपला फोन चार किंवा जास्त उपग्रहांच्या खुणा ऐकतो, कुठली खूण यायला किती वेळ लागला ते मोजतो आणि आपण कुठं आहोत ते स्वतः काढतो. उपग्रहाला आपला पत्ताही नसतो. शिवाय जवळचे मोबाइल टॉवर आणि वायफाय यांवरूनही फोन जागा ओळखतो. म्हणजे जागा कळते ती आधी आपल्या फोनला. ती पुढं दुसऱ्याला सांगायची की नाही, हे वेगळं काम आहे. ते काम ॲप करतं, आणि त्याची परवानगी आपण दिलेली असते. कधी कळून, कधी न कळता, ‘ओके, ओके’ करत.

सांगायची ही चाल साधारण 2009-10 पासून वाढली. 2010 साली फेसबुकनं ‘चेक इन’ आणलं. गणपतीपुळ्याला गेलो की लगेच ‘अमुक ठिकाणी आहे’ असं टाकायचं. सगळ्यांना कौतुक. पण त्याच वेळी घराला कुलूप आहे हेही आपण जाहीर करतो, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. 2017 साली स्नॅपचॅटनं नकाशाच काढला, त्यावर मित्रमैत्रिणी कुठं आहेत ते दिसायचं. त्याच वर्षी गूगल मॅप्समध्येही जागा दाखवत राहायची सोय आली. आणि ऑक्टोबर 2017 मध्ये व्हॉट्सॲपनं लाइव्ह लोकेशन दिलं. पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तास. आमच्या ताईंची लेक रोज आठ तासांचं टाकत होती. म्हणजे एक अख्खी पाळी.

हजेरीही मागं राहिली नाही. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मोबाइल ॲपवरची हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, त्यावर जागेची खूण. खोट्या हजेऱ्या थांबाव्यात हा उद्देश. पण डोंगरात रेंज नसली की दिवसभर घाम गाळलेल्या बाईची हजेरी अडते, आणि हजेरी अडली की मजुरी अडते. नागपूर महापालिकेनं तर सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. बायका काय म्हणाल्या असतील ते आपल्याला वेगळं सांगायला नको. झाडू मारणाऱ्या बाईला लघवीला जायलाही आडोसा शोधावा लागतो, आणि तेवढ्यासाठी जागा सोडली तरी घड्याळ ते टिपतं.

इथं आमच्या ताईंच्या लेकीचा प्रश्न आठवतो, ‘मी जामिनावर सुटलेय का?’ गंमत अशी की याच प्रश्नाचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं दिलेलं आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. मग 2024 साली एक प्रकरण आलं. एका परदेशी आरोपीला जामीन देताना अट घातली होती की त्यानं गूगल नकाशावर आपली जागा तपास अधिकाऱ्याला दाखवत राहावं. 8 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी ती अट काढून टाकली. जामिनावर सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, असं त्यांनी म्हटलं. बैठकीत हे वाचून झालं तेव्हा एक आजी म्हणाल्या, ‘म्हणजे जामिनावरच्याला जी मोकळीक आहे ती आपल्या पोरीला नाही होय?’ यावर आम्ही काय बोलणार!

मग आम्ही सगळ्यांनी फोन काढले आणि एकमेकींचं बघितलं. तुम्हीही आज हे करा.

पहिलं, व्हॉट्सॲप. सेटिंग्जमध्ये जा, तिथं प्रायव्हसी म्हणजे गोपनीयता, आणि त्यात लाइव्ह लोकेशन. आपली जागा या घडीला कुणाकुणाला दिसतेय त्याची यादी तिथं येते. नको असेल तर तिथंच थांबवता येतं. आमच्यातल्या एकीची जागा लग्नाच्या एका ग्रुपवर चालू होती, सव्वाशे माणसांना. तिला कल्पनाही नव्हती. आणि फरक लक्षात ठेवा. ‘आत्ताचं लोकेशन’ पाठवलं तर एक ठिपका जातो, तो हलत नाही. घराचा रस्ता सांगायला तेवढं पुरे. ‘लाइव्ह’ पाठवलं तर ठिपका आपल्याबरोबर चालतो.

दुसरं, गूगल मॅप्स. वर कोपऱ्यात आपल्या फोटोवर दाबा, तिथं लोकेशन शेअरिंग दिसेल. इथं मात्र सांभाळा. यात ‘मी बंद करेपर्यंत’ अशीही सोय आहे. एकदा कुणी आपल्या फोनवरून चालू करून ठेवलं की ते महिनोन्‌महिने चालू राहतं.

तिसरं, फोनचं स्वतःचं सेटिंग. लोकेशनमध्ये जाऊन ॲपच्या परवानग्या उघडा. प्रत्येक ॲपपुढं साधारण चार पर्याय येतात. कायम परवानगी, ॲप वापरत असतानाच, दर वेळी विचारा, आणि देऊ नका. नकाशाला ‘वापरत असतानाच’ ठीक. फोटो सजवायच्या ॲपला आणि खेळाला आपली जागा कशाला हवी? तिथं ‘देऊ नका’. नव्या फोनांत ‘अचूक लोकेशन’ हे बटण वेगळं असतं. ते बंद केलं तर ॲपला घर कळत नाही, साधारण परिसर कळतो. हवामान बघायला तेवढं खूप झालं.

चौथं, कॅमेरा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फोटोबरोबर जागा साठवायची सोय असते. लहान मुलांचे फोटो आपण काढतो, तेव्हा ती बंद ठेवलेली बरी. आणि फिरायला गेल्यावर फोटो टाकायचे असतील तर घरी आल्यावर टाका. दोन दिवसांनी टाकले म्हणून समुद्र काही आटत नाही.

आता एक गोष्ट हळू आवाजात सांगायची आहे. काही घरांत बाईच्या जागेवर नजर ठेवणाराच तिला मारणारा असतो. अशा बाईनं सगळं एकदम बंद केलं तर त्याच्या लगेच लक्षात येईल आणि राग तिच्यावरच निघेल. म्हणून आधी विश्वासाच्या माणसाला सांगा. गटातल्या ताई, आशाताई, कुणीही. महिलांसाठी 181 हा मदतीचा क्रमांक आहे, आणि जिवावर बेतलं तर 112. बाईच्या इच्छेविरुद्ध तिचा पाठलाग करणं, इंटरनेटवरच्या तिच्या वावरावर पाळत ठेवणं हा 2013 पासून गुन्हा आहे. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे.

आणि आमच्या ताईंच्या घरी काय झालं? मायलेकी बसून बोलल्या. ठरलं असं की पाळी सुटली की लेक एक तासाचं लाइव्ह लोकेशन टाकेल, फक्त आईला. घरी पोचली की स्वतः बंद करेल. बाकीच्या वेळी आई विचारणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी वडाप वाटेत बंद पडली, तेव्हा त्याच ठिपक्यावरून ताईंनी शेजारच्या दादांना गाडी घेऊन पाठवलं. भाऊ अजून फुगलेला आहे. त्याचं म्हणणं, मी काय परका आहे का? लेकीनं त्याला एवढंच सांगितलं, ‘तू रात्री क्रिकेटच्या मॅचला जातोस तेव्हा तुझं टाक, मग बोलू.’ अजून तरी त्यानं टाकलेलं नाही.

आम्हाला यातून कळलं ते असं. लेकीला सुखरूप पोचलेली बघायचा हक्क आईला आहे, पण तिची वही ठेवायचा हक्क आईलाही नाही. आपल्या आज्यांनी एका कार्डावर महिनाभर दम धरला. आपल्याला एक तास धरता येईल. रत्नदुर्गाचा दिवा रोज रात्री लागतो, येणाऱ्याला वाट दाखवतो आणि उशीर का झाला म्हणून विचारत नाही. आपल्या दारातला दिवाही तसाच असावा, एवढंच आज सांगायचं होतं.

पुढच्या बैठकीला फोन घेऊन या. एकमेकींचं सेटिंग बघू.